दोनची फेरी

१

गिनीपिग म्हणजे काय, उंदराचा जाडा मामेभाऊ, चार पानं टाकली की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो एकदा घरी आणून बघावा. सकाळी गवत बदला. कालचं गवत नवंकोरं दिसत असलं तरी बदला, कारण ते वरून तसं दिसतं एवढंच. पाण्याची बाटली धुवा. काकडीच्या दोन चकत्या आणि ढोबळी मिरचीची एक फोड रोज, न चुकता. मिरची चुकली की काही दिवसांत याचे सांधे धरतात. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडग्यात बसवून वजन करा, वहीत लिहा. दहा मिनिटं मांडीवर घ्या, तेही लिहा. बाळंतिणीची खोली परवडली.

ही वही ताईंना बाईंच्या लेकीने दिली होती. वहीच काय, पिंजरा, गवताची पिशवी आणि तो प्राणीसुद्धा तिनेच दिला होता.

ताई म्हणजे वृद्धाश्रमातल्या परिचारिका. पंचेचाळिशीच्या. आश्रमात ऐंशी वर्षांची माणसंही त्यांना ताईच म्हणत, त्यामुळे त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावरच उरलं होतं. बाई म्हणजे तिथल्या सात नंबरच्या खोलीतल्या निवृत्त खेळशिक्षिका. गुरुवारी दुपारी बाई गेल्या. सोमवारी त्यांची लेक आश्रमाच्या मागच्या दाराशी पिंजरा घेऊन उभी राहिली.

"आईसाठीच घेतला होता हो. शनिवारी आणणार होते. तिला मांडीवर काहीतरी हवं, म्हणून," ती म्हणाली. "आता मला बघवत नाही त्याच्याकडे. तुम्ही ठेवा ना. आईचं शेवटपर्यंत तुम्ही केलंत. मी तो तक्ता बघितला, ताई. दीड, दोन, अडीच, तीन. दर अर्ध्या तासाला डोकावला होतात. आई एकटी नव्हती. मला तेवढंच पुरे आहे."

ताईंना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला निदान मान वर करावी लागते, आणि त्यांची मान गुरुवारपासून खालीच होती.

कारण त्या चार टिका त्यांनी एक पंचवीसला एका दमात मारल्या होत्या. सगळ्याच जणी मारत. बावीस खोल्या, दुपारच्या पाळीला दोन बायका. आश्रमात त्याला 'आगाऊ टीक' असा शब्दच होता. टीक करायची, पुढे लिहायचं, 'झोपल्या आहेत, श्वास ठीक', आणि चादरींच्या खोलीत जाऊन जरा पाठ टेकायची. आजवर काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी डॉक्टर फक्त ताईंजवळ म्हणाले, साधारण दोनच्या सुमाराला गेल्या असतील. आणि तक्त्यात अडीचलाही श्वास ठीक होता, तीनलाही.

२

ताईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी घरी आला आणि पिंजऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे काय गं? बक्षीस मिळालं की काय?"

बक्षीस हा शब्द ऐकताच ताईंनी पाठ फिरवली. "ठेवायला दिलंय," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

पहिले दोन दिवस तो प्राणी पिंजऱ्यातल्या बुटाच्या खोक्यातून बाहेरच आला नाही. पांढरा, पाठीवर तपकिरी डाग, कान चुरगळलेल्या पाकळीसारखे. कोणी जवळ गेलं की पाठ फिरवून बसायचा. "आत बसून खायचं आणि माणूस आलं की पाठ करायची," नवरा म्हणाला. "हा तर अगदी आमचा साहेब." तेव्हापासून तो साहेबच झाला.

ताईंनी मुद्दाम सकाळची पाळी मागून घेतली होती. सव्वाला घरी यायच्या. दुपारी घर रिकामं. बाहेरची खोली, तिला लागून निजायची खोली, पलीकडे स्वयंपाकघर. पिंजरा बाहेरच्या खोलीत खिडकीशी, आणि शेजारी एक वेताची खुर्ची, जिच्यावर फक्त धुतलेले कपडे बसत.

लेकीने वहीत ठळक शाईने रकाने आखले होते. वजन. खाल्लं का. मांडीवर. आणि पुढे चार चौकटी : दीड, दोन, अडीच, तीन. 'नवीन घरात पहिले पंधरा दिवस दुपारी लांबून लक्ष ठेवायला सांगितलंय दुकानदाराने. तुमच्या तक्त्यावरूनच आखलं. हा नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येते बघायला.' एकटा ठेवू नये, झुरतो, असंही खाली लिहिलं होतं.

दोन दिवस ताईंनी सगळं इमानेइतबारे केलं. तिसऱ्या दिवशी आश्रमात दोन जणी रजेवर होत्या. ताई घरी आल्या त्या पाय ओढतच. वही उघडली. करायचं असं काही त्यांच्या मनात नव्हतं, पण हाताला एकदा वळण लागलं की लागलं. वजन सहाशे बारा. खाल्लं. मांडीवर दहा मिनिटं. टीक, टीक, टीक, टीक. आणि वहीवर पेन ठेवून त्या आडव्या झाल्या.

संध्याकाळी नवऱ्याने गंमत म्हणून साहेबाला काट्यावर बसवलं.

"सहाशे बारा," तो म्हणाला.

काल सहाशे नऊ होतं. दोन-तीन ग्रॅम वाढणारच. अंदाज आहे, लागतो कधीकधी. ताईंनी स्वतःला असं समजावलं आणि वही बंद केली.

३

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. करणार नव्हत्या, पण केलं. लाज पहिल्यांदा वाटते तेवढी दुसऱ्यांदा वाटत नाही, हीच तर तिची खोड.

साडेतीनला जाग आली तेव्हा पिंजऱ्यातली ताटली रिकामी होती. खाल्लं असेल. मग ध्यानात आलं, की ताटलीत काही घातलंच नव्हतं. सकाळी घाईत राहून गेलं होतं आणि दुपारी नुसतं 'खाल्लं' लिहिलं होतं.

स्वयंपाकघरात ओट्यावर ढोबळी मिरची होती. तिची एक फोड कापलेली. कापलेली म्हणजे काय, एका बाजूने चेंगरलेली, सुरी तिरकी गेलेली. मिरची दुसऱ्या हाताने धरायची सोयच नसावी, अशी.

ताईंनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, तुम्ही दुपारी घरी येऊन गेलात का?"

"मी तेराव्या मजल्यावर लटकतोय."

"मिरची कापलीत का तुम्ही? सकाळी?"

"अगं, मी तेराव्या मजल्यावर लटकतोय आणि तू मिरचीचं काय विचारतेस!"

सकाळी आपणच कापली असेल. झोपेत होतो. पळवाट मिळाली म्हणून ताईंना हायसं वाटलं. त्या बाहेरच्या खोलीत आल्या. वेताच्या खुर्चीवरच्या कपड्यांची चळत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली होती, नीट. खुर्चीत गवताच्या दोन-तीन काड्या होत्या आणि एक छोटी लेंडी. ताईंनी बैठकीवर हात ठेवला. ऊब होती. खिडकीतून ऊन येतं दुपारचं, येतं ना. पण ऊन त्या वेळी पलीकडच्या भिंतीवर होतं.

४

शिट्टी पहिल्यांदा ऐकू आली ती शुक्रवारी. बरोब्बर दीडला.

गिनीपिग शिट्टी घालतो, हे ताईंना ठाऊक होतं, वहीतच होतं. ओळखीची पावलं वाजली की घालतो. म्हणजे माणसाळला, असं समजायचं. ताईंनी आतून ऐकली आणि त्यांना आधी बरंच वाटलं. उठून गेल्या. साहेब मागच्या पायांवर उभा होता, पुढचे पाय तारेला. ताईंकडे त्याने पाहिलंही नाही. त्याचं तोंड खुर्चीकडे होतं. ताई जवळ आल्या तसा तो खाली उतरला आणि पाठ करून बसला.

दोनला पुन्हा. अडीचला पुन्हा. तीनला पुन्हा.

तशी शिट्टी ताईंच्या कानांना सवयीची होती. बाईंना झटक्यानंतर बोलता येत नव्हतं. उजवं अंग गेलेलं. गळ्यात निळ्या दोरीची शाळेची शिट्टी असायची, काही हवं असलं की डाव्या हाताने तोंडात धरून वाजवायच्या. दिवसातून तीस वेळा. पाणी हवंय, शिट्टी. पंखा मोठा करा, शिट्टी. खिडकीबाहेर पोरं चुकीची धावतायत, शिट्टी. सगळा आश्रम त्यांना मागून शिट्टीबाई म्हणायचा. सांगायचं असलं तर पाटीवर डाव्या हाताने लिहायच्या; मोठी वाकडी अक्षरं, इतकी दाबून, की पुसली तरी उमटलेली राहत. एकदा ताईंचा ओढलेला चेहरा बघून त्यांनी लिहिलं होतं : 'तू पड जरा. मी लक्ष ठेवते.' दोघी किती हसल्या होत्या त्या दिवशी.

शनिवारी नवरा घरी होता. त्याने शिट्टी ऐकली, घड्याळ बघितलं, अर्ध्या तासाने पुन्हा ऐकली आणि त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला.

"फ्रिज गं. फ्रिजची मोटर ठरावीक वेळाने चालू होते. त्याला वाटतं, दार उघडलं, काकडी आली." त्याने फ्रिजची पिन काढली. दोघं स्वयंपाकघरात बसून राहिले. नवरा मजेत होता, पाय हलवत होता.

दोनला शिट्टी झाली.

"शेजाऱ्यांचा फ्रिज असेल," नवरा म्हणाला. पण पाय हलवायचा थांबला होता.

५

रविवारी ताईंनी ठरवलं, आज आगाऊ काही लिहायचं नाही. साहेबाला खरंच मांडीवर घेतलं. दीडला, दोनला, अडीचला, तीनला जाऊन खरंच बघितलं आणि बघून मगच टीक केली. एकही शिट्टी झाली नाही. घर नेहमीसारखं घर होतं.

आता कोणीही शहाणं माणूस यातून काय शिकलं असतं? रोज खरी फेरी मारली असती. ताईंनी काय केलं? सोमवारी पुन्हा आगाऊ टिका मारल्या. मुद्दाम. त्यांना बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्यांना असंही वाटत होतं, की आपण फेरी मारली नाही तरच ते येतं, तर येऊ दे. आपण तोंड लपवत फिरायचं तरी कुठवर.

निजायच्या खोलीचं दार बोटभर उघडं ठेवून त्या फटीला डोळा लावून उभ्या राहिल्या. दोन वाजले. साहेब शिट्टी घालत तारेशी आला. पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडं होतं. ते कधी उघडलं, ते ताईंना दिसलं नाही. मग साहेब शांत झाला. डोळे अर्धवट मिटले. आणि त्याच्या पाठीवरचे केस डोक्याकडून मागे हळूच चपटे झाले. पुन्हा वर आले. पुन्हा चपटे झाले. एक तळवाभर रुंदी. शांतपणे, पुन्हा पुन्हा.

वेताची खुर्ची करकरली. ताईंनी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून खाली बसल्या.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा वाईट जे होतं ते ताईंनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आगाऊ टिका सगळ्याच मारत. ते पाप बावीस खोल्यांत वाटलं गेलं असतं. दुसरं मात्र त्यांच्या एकटीचं होतं. त्या गुरुवारी एक वाजल्यापासून बाईंची शिट्टी सात वेळा झाली होती. उशी सरकव. पडदा ओढ. उगाच. ताईंचं डोकं ठणकत होतं. त्यांनी बाईंच्या गळ्यातली दोरी काढली. "जरा दुपारपुरती हं, बाई. कान किटले आता," असं हसत म्हणाल्या आणि शिट्टी कपाटाच्या खणात टाकली. बाई हसल्या नव्हत्या. डावा हात उचलून खणाकडे बघत राहिल्या होत्या.

साडेतीनला चहा घेऊन गेल्या तेव्हा तो हात अजून खणाच्या बाजूला लोंबत होता. ताईंनी चहा खाली ठेवला. कोणालाही हाक मारायच्या आधी त्यांनी खण उघडला, दोरी गळ्यात घातली आणि शिट्टी त्या थंड बोटांत अडकवली. मग ओरडल्या.

"शिट्टी हातातच होती," असं लेक नंतर सगळ्यांना सांगत होती. "वाजवायची गरजच पडली नाही तिला. इतकं शांत मरण."

६

त्यानंतर ताई रोज आगाऊ टिका मारत आणि निजायच्या खोलीत जाऊन पडत. झोप येत नसे, मग येत असे. साहेब गुबगुबीत झाला होता. अंगावर चकाकी आली होती. आनंदात मध्येच उड्या मारायचा. "एकटा असून बघ कसा खुशीत आहे," नवरा म्हणायचा आणि वेताच्या खुर्चीला वळसा घालून जायचा.

शनिवारी पिंजऱ्याखाली घालायला जुना कागद शोधताना वही खाली पडली आणि मागच्या पानावर उघडली.

मागच्या पानावर रेघा होत्या. वाकड्या, पण नेटाने आखलेल्या. वर लिहिलं होतं : ताई. खाली चौकटी. अक्षरं मोठी, डाव्या हाताची, इतकी दाबून लिहिलेली, की कागद मागून टोचत होता.

'दीड. झोपली आहे. श्वास ठीक.'

'दोन. कूस बदलली.'

'अडीच. पांघरूण खाली गेलं होतं. वर घेतलं.'

'तीन. घोरते.'

पुढच्या दिवशी : 'दीड. डोकं दुखतंय. कपाळावर हात ठेवला.' कालच्या तारखेला : 'अडीच. जागी आहे. रडते.'

काल अडीचला ताई खरोखरच रडत होत्या, तोंड उशीत खुपसून. कोणाला दिसू नये म्हणून.

प्रत्येक चौकट निराळी होती. प्रत्येक टीक थरथरत पण पूर्ण मारलेली. पंधरा वर्षं ताईंनी तक्ते भरले, पण असा तक्ता त्यांनी आयुष्यात भरला नव्हता. मारून टाकलं असतं, गळा धरला असता, तर बरं झालं असतं. इथे तर कोणीतरी त्यांच्याकडे बघत होतं. आणि बघण्याची ही नोकरी ज्यांची होती, त्या झोपल्या होत्या. ताई त्या पानावर डोकं टेकून बसल्या. शरमेने कान पेटले होते, आणि घरात त्यांना बघायला कोणी नव्हतं, असं आता म्हणता येत नव्हतं.

७

रविवारी, ताईंच्या सुट्टीच्या दिवशी, लेक एक वाजता आली. नवरा एका अडकलेल्या लिफ्टसाठी बाहेर गेला होता. ताईंनी वही पुढे केली, पुढची पानं. बोटाने मागची पानं घट्ट धरून.

"बघा! मला माहीतच होतं," लेक पान उलटत म्हणाली. "एक टीक चुकली नाही. कसं जमतं हो तुम्हाला?"

"अहो," ताई म्हणाल्या.

"बोला ना."

साहेब लेकीच्या मांडीवर होता. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "मला रात्री जाग येते ना, ताई, तेव्हा मी तेच आठवते. तुम्ही दाराशी उभ्या आहात आणि आई झोपलीय. शिट्टी हातात. मग मला झोप लागते."

ताईंना सांगायचं होतं. शिट्टी हातात नव्हती. तीनच शब्द. त्या तोंड उघडणार तेवढ्यात लेकीने त्यांचा हात हातात घेतला, आणि त्यांच्याच्याने झालं नाही. "चहा टाकू?" एवढंच त्या म्हणाल्या.

"नको, निघते. तुमची पडायची वेळ झाली असेल. झोपा तुम्ही जरा." दाराशी तिने पुन्हा एकदा हात जोडले. "तुमचे उपकार आहेत."

दार लागलं. जिन्यात तिची पावलं सावकाश उतरू लागली. घड्याळात दोनला एक मिनिट कमी होतं. आजच्या चौकटीत ताईंनी काही लिहिलं नव्हतं. वही पलंगाशी स्टुलावर पडली होती, मागचं पान वर, पेन त्यावर. फेरी मारायला पाय उचलेनात. त्या पलंगावर पडल्या आणि पाहुणे आल्यावर लहान पोर करतं तसे डोळे गच्च मिटून घेतले.

शिट्टी झाली. लांब, आनंदाची.

खुर्ची करकरली. मग एक पाय टेकल्याचा आवाज, आणि एक पाय ओढल्याचा. टेकला. ओढला. दाराशी थांबला. ताईंनी श्वास संथ ठेवायची शिकस्त केली. झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो, हे त्यांना पंधरा वर्षं लिहून लिहून पाठ होतं. पावलं आत आली. पांघरूण खांद्यापर्यंत वर सरकलं. पापण्यांच्या फटीतून त्यांना फक्त निळी दोरी दिसली, चेहऱ्यासमोर हलणारी, तिच्या टोकाला काही नसलेली. आणि डावी बोटं.

बोटं दूर झाली. कागदावर पेन दाबल्याचा आवाज आला. बराच वेळ.

मग घर नेहमीसारखं झालं. ताईंनी डोळे उघडले, वही ओढून घेतली. शाई अजून ओली होती.

'दोन. झोपेचं सोंग. श्वास ठीक.'

खाली रस्त्यावर लेकीच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. ताईंचा फोन उशीशी पडला होता; लेकीचा नंबर त्यात होता. अडीचची चौकट कोरी होती.